अठ्ठ्याऐंशी एच

"दादा, हा टायर या गाडीचा नाही."

मुळशीकडून पौडला येताना रस्त्याच्या कडेला पंक्चरचं एक दुकान लागतं. पत्र्याची टपरी, दाराशी कॉम्प्रेसर, भिंतीला टेकवलेली जुन्या टायरची चळत. मालक साठीच्या पुढचे. त्यांना सगळे मामा म्हणत होते, म्हणून मीही मामाच म्हटलं. २०२३ च्या मे महिन्यातली संध्याकाळ होती. आम्ही श्रीवर्धनहून निघून म्हसळा, माणगाव, निजामपूर करत ताम्हिणी चढून आलो होतो. घाट संपल्यावर मागून धपधप असा आवाज यायला लागला. थरथर स्टिअरिंगला जाणवत नव्हती, सीटला जाणवत होती. मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी उड्या मारतेय." मी पुढचे काही किलोमीटर रस्त्यालाच दोष देत आलो.

मामांनी चाकापाशी उकिडवं बसून टॉर्च लावला. मागच्या उजव्या टायरच्या कुशीला अंड्याएवढा फुगा आला होता. पण मामा फुग्याकडे जेमतेम पाहून पुढे सरकले. टायरच्या अंगावरची उठावाची अक्षरं बोटाने चाचपत त्यांनी हळूहळू वाचली, मग उठून पुढच्या चाकाची वाचली आणि परत मागे येऊन ते वाक्य बोलले.

पुढच्या टायरवर होतं १८५/६५ आर १५ ८८ एच. मागच्या दोन्हींवर १७५/६५ आर १५ ८४ टी.

हे मागचे दोन टायर दोन वर्षांपूर्वी मीच टाकून घेतले होते. ऑफिसला जायची घाई होती. दुकानदार म्हणाला होता की मूळ माप आत्ता शिल्लक नाही, पण हे "एकच नंबर खाली" आहे, रिमला बरोबर बसतं, काही फरक पडत नाही. रिमला ते खरंच बरोबर बसलं. मी पैसे दिले, बिल डॅशबोर्डच्या खणात टाकलं आणि दोन वर्षं त्या टायरवर आईला, बायकोला, पोरांना बसवून फिरलो. बिलावर माप स्पष्ट छापलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. त्या दुकानदाराचा मला राग आला आणि अजूनही आहे. त्याला ते वाचता येत होतं.

स्टेपनी काढायची म्हणजे डिकी रिकामी करणं आलं. दोन पोती तांदूळ, तीन पेट्या आंबा, चाळीस नारळ, फणस, पिशवीभर रोठा सुपारी, बॅगा, डबे. सगळं रस्त्याच्या कडेला मांडल्यावर लग्नघराची कोठी उघडल्यासारखं दिसायला लागलं. आई तांदळाच्या पोत्यावर बसली होती. गुडघ्यांमुळे तिला खाली बसवत नाही आणि टपरीतल्या बाकापेक्षा पोतं तिला बरं वाटलं. ती एकेक वस्तू बाहेर येताना बघत होती. मग म्हणाली, "एवढं होतं होय रे आत?"

तो प्रश्न घेऊनच मी घरी आलो.

*

कोथरूडला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसलो. गाडीवर हे आकडे कोणासाठी लिहिलेले असतात, असा विचार मी कधी केला नव्हता. साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर असतो तसे ते असतात, असं वाटायचं. तसं नाही हे कळायला एक दुपार पुरली.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जमिनीला टेकणारा पट्टा नव्हे, तर हवा भरलेल्या टायरची एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंतची रुंदी. ६५ हा मात्र मिलिमीटर नाही, तो शेकडा आहे. कुशीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे १८५ चे ६५ टक्के, साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल. मी इतकी वर्षं त्याला रेडियस समजत होतो आणि माझ्या ओळखीचे निम्मे लोक अजूनही तसंच समजतात. टायरच्या आतले दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने टाकलेले असतात, म्हणून रेडियल. मिशेलिनने १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आणि १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचात.

एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! बाजारात कापड मीटरने, पण कंबर इंचात, तसंच हे. रिम इंचात मोजायची सवय आधीची, टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिणं नंतरचं. मिशेलिननेच १९७५ मध्ये रिमही मिलिमीटरमध्ये आणून पाहिली, टीआरएक्स नावाने, पण जग काही इंच सोडायला तयार झालं नाही.

आता गणित. १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची कूस मिळवली की सुमारे ६२१ मिलिमीटर उंचीचं चाक होतं. माझ्या गाडीत मागे बसवलेल्या १७५ च्या टायरची तीच बेरीज ६०८ येते. टक्केवारी सारखीच ६५, पण ती कशाची टक्केवारी तेच बदललं, म्हणून चाकही लहान झालं. तेरा मिलिमीटर, म्हणजे दोन टक्क्यांच्या थोडं वर. पुढची चाकं एक फेरा घेत होती तेव्हा मागची थोडा जास्त घेत होती, रोज, प्रत्येक फेऱ्याला. अँटीलॉक ब्रेकची यंत्रणा चारही चाकांचे वेग एकमेकांशी ताडून बघत असते. दोन वर्षं आपण तिला चुकीची माहिती पुरवत होतो, हे लिहिताना आत्ताही मला बरं वाटत नाही.

दुकानदाराच्या "एक नंबर खाली"चा अर्थ एवढाच असता तरी पुरे होता. पण खरी गोष्ट त्या ओळीच्या शेवटी होती, जिथे कोणाची नजरच पोचत नाही.

८८ हा भाराचा क्रमांक आहे. तो किलो नाही. त्यासाठी तक्ता असतो आणि त्यात ८८ समोर ५६० किलो लिहिलेलं असतं. ८४ समोर ५००. चार पायऱ्यांत साठ किलो. तक्ता नीट पाहिला तर त्याची चाल लक्षात येते. प्रत्येक पायरीला साधारण तीन टक्क्यांची वाढ, त्यामुळे चोवीस पायऱ्या चढलं की भार दुप्पट. ७६ म्हणजे ४००, १०० म्हणजे ८००. बँकेतल्या चक्रवाढ व्याजासारखं. आकडा दोन-चारने खाली गेला तर माणसाला वाटतं किरकोळ आहे. आपण ८८ आणि ८४ परीक्षेतल्या गुणांसारखे वाचतो.

शेवटचं अक्षर वेगाचं. एस १८०, टी १९०, यू २००, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. एच मध्येच कुठून आला, हे माझ्या मुलाने लगेच पकडलं. सुरुवातीला एस, एच आणि व्ही अशी मोजकीच अक्षरं होती. पुढे मधल्या वेगांसाठी आणखी अक्षरं घातली, पण एच जिथे होता तिथेच राहिला. जुन्या वाड्यात खोल्या वाढवत गेलं तरी देवघर हलवत नाहीत, तसं.

*

मग मी वजनांची यादी केली. हे काम मला वाटलं त्यापेक्षा वेगळंच निघालं.

मी ७४, बायको ६१, मुलगा ५६, मुलगी २७. आईचं वजन मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात तिचं वजन साठ-बासष्ट होतं, मी कॉलेजात असतानाचं. तिला न्हाणीघराबाहेरच्या काट्यावर उभं केलं. भिंतीला हात लावून ती उभी राहिली, मी हात काढायला लावला. काटा ४७ वर थांबला. मी तिला पुन्हा उभं केलं. "काटा बिघडलाय का बघ," ती म्हणाली. काटा बिघडलेला नव्हता. मी वहीत ४७ लिहिलं आणि थोडा वेळ पुढचं काही लिहिता आलं नाही.

माणसं २६५ किलो. तांदूळ ५०, आंबे ५५, नारळ २५, फणस १२, सुपारी ८, बॅगा ३५, पाणी आणि डबे ६. सामान १९१. एकूण ४५६ किलो. नोंदणीपुस्तकात गाडीचं रिकामं वजन ९१५ लिहिलंय. बेरीज १३७१. गाडीवरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन १३६० कोरलेलं आहे. म्हणजे आम्ही अकरा किलोने वर होतो, एका फणसाएवढे.

इथवर गणित माझ्या बाजूने होतं. म्हणजे माझी चूक किती मोठी, ते मला सिद्ध करायचं होतं. पुढे ते तसं सरळ राहिलं नाही, आणि तेच मला सांगायचं आहे.

सामान सगळं मागे, तिघं मागे. ढोबळ हिशेबाने मागच्या दोन चाकांवर मिळून सातशे किलो आले असतील, म्हणजे एकेकावर साडेतीनशे. ८४ चा टायर ५०० पेलतो. मग बिघडलं कुठे? दुकानदार बरोबरच म्हणत होता की काय? त्या रात्री मला खरंच असं वाटलं. वही मिटून मी झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, कारण एक आकडा मी घेतलाच नव्हता. हवेचा.

मामांनी त्या संध्याकाळी फुगा आलेल्या टायरची हवा मोजली होती. २६ भरली. तीही घाट चढून तापलेल्या टायरची. थंड असता तर आणखी कमी भरली असती. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर, गाडी पूर्ण भरलेली असेल तर मागे ३६, असं लिहिलंय. निघताना मी हवा पाहिली नव्हती. श्रीवर्धनात पंपावर रांग होती.

टायरवरचे ते ५०० किलो कमाल हवेला असतात, हे मला तेव्हा कळलं. ओझं रबर उचलत नाही, हवा उचलते. रबर आणि दोरे फक्त त्या हवेला धरून ठेवतात. १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचे टायर बसवले, तेव्हापासून हे तत्त्व तेच आहे. हवा ३६ वरून २६ वर आली की त्या टायरचे ५०० चे चारशेच्या आसपास राहतात. आणि साडेतीनशे हा आकडा गाडी सपाटीवर स्वस्थ उभी असतानाचा. ताम्हिणीच्या वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, आतल्या चाकाचं ओझं बाहेरच्या चाकावर जातं. खड्ड्यात चाक आपटतं त्या क्षणी तर ते कितीतरी पटीने वाढतं. त्या उरलेल्या पन्नास किलोंत हे सगळं मावायचं होतं. ते मावणार नव्हतं.

म्हणजे गाडी बनवणाऱ्याने ८८ लिहिलं, ते आमच्या कुटुंबाचं वजन मोजून लिहिलेलं नाही. हवा कमी भरणारे, घाईत निघणारे, वरून फणस ठेवणारे आमच्यासारखे लोक असतात, हे धरून वर काही शिल्लक ठेवलं होतं. दुकानदाराने ती शिल्लकच विकली. आणि जी उरली होती ती मी पंपावरच्या रांगेला कंटाळून खर्च केली.

फुगा केवळ आकड्यामुळे आला, असं मात्र मी म्हणणार नाही. मामांनीच ते स्पष्ट केलं होतं. कुशीतले दोरे कुठेतरी आपटून तुटतात. तुटले की त्या जागी हवेला अडवायला नुसतं रबर उरतं आणि ते फुगतं. आपल्या पुण्यात त्यासाठी घाटात जायची गरजच नाही. रस्ता उंच झाला आणि चेंबरचं झाकण खाली राहिलं की काम झालं. पण पूर्ण हवेचा, योग्य भाराचा टायर तो दणका पोटात घेतो. हवा कमी असली की कूस रिम आणि खड्ड्याची कडा यांच्यात चिमटली जाते.

अजून एक गोष्ट मामांनी दाखवली होती. कुशीवर एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. मागच्या टायरवर १४१८ होतं. २०१८ सालातला चौदावा आठवडा. मी टायर घेतले २०२१ मध्ये, नवे म्हणून. तीन वर्षं ते कुठल्या तरी गोदामात पडून होते. रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं.

*

वेगाच्या अक्षराबद्दल मला नेहमी एक शंका होती आणि ती बहुतेकांना असते. द्रुतगती मार्गावर सपाटीला शंभरची मर्यादा, समृद्धीवर १२०. मग २१० चा टायर मला कशाला? टी असो नाहीतर एच, मी काही १९० ने जाणार नाही.

उत्तर उष्णतेत आहे. माझ्या चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटर, नेमका सांगायचा तर एक मीटर पंचाण्णव सेंटिमीटर. एका किलोमीटरला पाचशे बारा फेरे. ताशी शंभरने गाडी चालली की सेकंदाला चौदा. टायर खाली टेकतो तिथे ओझ्याने चपटा होतो, कूस बाहेर वाकते, आणि पुढे सरकल्यावर परत सरळ होते. कुशीचा प्रत्येक तुकडा हे सेकंदाला चौदा वेळा करतो. एखादी तार चौदा वेळा वाकवून सरळ करा आणि हात लावून बघा. रबर वाकताना जी शक्ती घेतं ती सगळी परत देत नाही, उरलेली उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असली की कूस जास्त वाकते, ओझं जास्त असलं की जास्त वाकते, वेग वाढला की जास्त वेळा वाकते. तिन्ही गोष्टी एकाच भट्टीत लाकडं टाकतात. टायर फुटतो तो या भट्टीमुळे, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की अचानक फुटला.

म्हणून वेगाचं अक्षर म्हणजे तेवढ्या वेगाने जायची परवानगी असं मी आता मानत नाही. प्रयोगशाळेत टायर फिरत्या पोलादी ढोलावर ओझ्याने दाबतात आणि पायरीपायरीने वेग वाढवत नेतात. तिथे तो ती उष्णता सोसून टिकला, याची ती नोंद. ती नोंद तिथल्या हवेला, तिथल्या ओझ्याला. मराठवाड्या-विदर्भातल्या मेच्या दुपारी, काँक्रीटवर, तासन् तास एकाच वेगाने जाताना तीच परीक्षा आपण घरच्या माणसांना बसवून देत असतो. समृद्धीवर परिवहन विभागाने टायर तपासून गोटा झालेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या, तेव्हा लोक चिडले होते. मी त्या लोकांच्या बाजूने नाही.

वेताळ टेकडीवर मी सकाळी फिरायला जातो. पुणेकर तिला सर्रास एआरएआय टेकडी म्हणतात, कारण गाड्या आणि त्यांचे सुटे भाग तपासणारी ती संस्था १९६६ पासून या शहरात आहे. शेजारच्या चाकणला टायरचा मोठा कारखाना आहे. दापोडीला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा. इतक्या गाड्या बनवणाऱ्या, तपासणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या शहरात मी पन्नास वर्षं राहतोय, आणि टायर वाचायला मला पौडच्या टपरीत जावं लागलं.

*

बाबांची एक डायरी माझ्याकडे आहे. त्यांच्याकडे पद्मिनी होती, आम्ही फियाटच म्हणायचो. डायरीत त्यांनी टायर बदलल्याच्या तारखा आणि किलोमीटर लिहून ठेवलेत. प्रत्येक नोंदीपुढे "५.२०-१४, ४ प्लाय". लहानपणी मला तो एखादा टेलिफोन नंबर वाटायचा. आता वाचता आलं. सव्वापाच इंचांच्या आसपास रुंदी, चौदा इंचांची रिम, आणि उंचीचा आकडाच नाही, कारण तेव्हाच्या नायलॉन टायरची उंची रुंदीच्या मानाने ठरल्यासारखीच असे. ४ प्लाय म्हणजे भाराची पायरी. पूर्वी टायरमध्ये खरोखर सुती कापडाचे तेवढे थर असायचे. पुढे बळकट दोरे आले, कमी थरांत काम भागायला लागलं, पण ताकद सांगायला थरांचा जुना आकडाच राहिला. आजच्या भार क्रमांकाचा तो आजोबा.

एका पानावर, चिपळूणच्या नोंदीखाली, बारीक अक्षरात आहे: "मागे तिघेच. ट्रंक टपावर नको. हवा निघण्यापूर्वी, थंड असताना." मला ते प्रवास आठवतात. आम्ही पोरं मागे चौथ्याला घेण्यासाठी हट्ट करायचो आणि बाबा ऐकायचे नाहीत. ते कंजूष आहेत, माणूसघाणे आहेत, असं मला तेव्हा वाटत असे. त्यांनी एवढं तरी सांगायला हवं होतं की नाही कशासाठी. पण ते सांगणारे नव्हते, लिहून ठेवणारे होते.

*

जूनमध्ये, पाऊस लागायच्या आधी, मी मामांकडे पुन्हा गेलो. त्यांच्या दुकानात टायर विकत मिळत नाहीत. नुसतं भेटायला गेलो होतो. बोलता बोलता कळलं की त्यांची नोकरी दापोडीच्या कार्यशाळेत झाली, टायरच्याच कामावर. अक्षरं बोटाने वाचायची सवय तिथली. अंधाऱ्या शेडमध्ये, काजळलेल्या हातांनी, डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा जास्त.

मी माझी वही त्यांना दाखवली. त्यांनी ती शांतपणे वाचली, तांदूळ आणि फणसही वाचले. मग म्हणाले, "तुमच्या टायरला एकच आकडा असतो. मोठ्या गाडीला दोन बघा." दारातून एक ट्रक जात होता. मागच्या एका ॲक्सलला चार चाकं, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. अशा जड गाड्यांच्या एका नेहमीच्या मापावर १४६/१४३ असं लिहिलेलं असतं. टायर एकटा असेल तर १४६, म्हणजे तीन हजार किलो. जोडीने असेल तर १४३, म्हणजे दोन हजार सातशे पंचवीस.

मला उलट वाटलं होतं. दोघे असताना ओझं वाटलं जातं, मग प्रत्येकाला आधार मिळत असणार.

"वाटलं जातं, पण सारखं जात नाही," मामा म्हणाले. "रस्ता मधे उंच, कडेला उतरता. एकात हवा दोनने कमी. आतला टायर ब्रेकच्या ड्रमाजवळ, त्याला वारा नाही, तो जास्त तापतो. एक बसला की सगळं दुसऱ्यावर येतं. म्हणून जोडी असली की दोघांनी थोडं कमीच उचलायचं. आधीच."

ते "आधीच" त्यांनी असं म्हटलं की मी काहीच बोललो नाही.

नंतर नवे टायर घेतले, चारही. पहिल्या दुकानात मला १९५/५५ आर १६ सुचवलं, रिमसकट. रुंद दिसतं, गाडी रुबाबदार दिसते. मी तिथेच हिशेब केला. चाकाची उंची जवळजवळ तेवढीच, ६२१ मिलिमीटर. पण भार ८७, म्हणजे ५४५ किलो. टायर रुंद, तरी पेलायची ताकद कमी, कारण कूस बुटकी झाली. माझ्या गाडीच्याच वरच्या मॉडेलला कंपनी हे माप देते, त्यामुळे ते चुकीचं नव्हतं. फक्त मला नको होतं. मला बारा सेंटिमीटरची कूस हवी होती, चेंबरसाठी आणि श्रीवर्धनसाठी. दुसऱ्या दुकानात १८५/६५ आर १५ ८८ एच मिळाले. आयएसआयची खूण पाहिली, चौकटीतले चार आकडे पाहिले, चारही टायरचे, एकेक करून. दुकानातला पोरगा कंटाळला नाही. उलट मुलीच्या हातात त्याने टॉर्च दिला आणि तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

*

२०२४ च्या मेमध्ये आम्ही पुन्हा गेलो. जाताना पहाटे, गाडी थंड असताना, मी हवा पाहिली. येताना आईने काकूच्या माळ्यावरचा जुना ताणकाटा खाली काढायला लावला. अंगणात तो आंब्याच्या फांदीला अडकवला आणि एकेक पिशवी लटकवून ती मला आकडा विचारायची, मी सांगायचो, ती पुढची पिशवी पुढे करायची. आंब्याची एक पेटी तिने स्वतःच बाजूला काढली. बॅगेतली माझी दोन जाडजूड पुस्तकंही काढली. मी हिशेब सांगितला की अजून बावीस किलोंना जागा आहे. काकू म्हणाली, मग तांदळाचं दुसरं पोतं घ्या, तीनच किलोंचा तर प्रश्न आहे.

आई पोत्याकडे बघत उभी राहिली. "नको," ती म्हणाली. "ते एसटीने पाठव. तिला जोडीची चाकं असतात."

तीन दिवसांनी मी आणि मुलगी स्वारगेटला जाऊन ते घेऊन आलो.